मदत हवी आहे: बॅच एक, मुलं बावीस, अडचणीही बावीस. नोकरीची तयारी ज्याची त्याच्यापुरती कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून धागा काढते.

मी एका लहान संस्थेत युवक-कार्यकर्ती आहे. १८ ते २५ वयाची, शिक्षण सुटलेली आणि काम नसलेली मुलंमुली आमच्याकडे येतात. अहवालांच्या भाषेत यांना ‘नीट’ म्हणतात, म्हणजे शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत, प्रशिक्षणातही नाहीत. (नाव तेवढं नीट, बाकी सगळं विस्कटलेलं.) बॅच १२ आठवड्यांची. बायोडेटा, संभाषण, संगणकाची तोंडओळख, सराव मुलाखत. सगळ्यांना सगळं, एकाच क्रमाने. या खेपेला २२ जण आहेत आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी.

दोन प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

एक मुलगा. सराव मुलाखतीत “स्वतःबद्दल सांगा” म्हटलं की मान खाली. तीनदा घेतली, तिन्ही वेळा तेच. त्याच्या कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहून मी मोकळी झाले. त्याच दुपारी प्रोजेक्टर बंद पडला. हा उठला, बाजूचं झाकण काढलं, जाळीवर बसलेली धूळ ब्रशने झाडली आणि जाळी तुंबली की दिवा कसा तापतो नि यंत्र आपोआप का बंद होतं, हे माझ्या सहकारी मैत्रिणीला चांगली पाच मिनिटं समजावत बसला. मान वर, हातवारे चालू. मी त्या कागदाकडे बघत राहिले.

दुसरी एक मुलगी. हजेरी पूर्ण, बायोडेटा सुरेख, मुलाखतीत पहिल्याच फटक्यात निवड. दोनदा नोकरी लागली आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सुटली. ‘चिकाटी नाही’ असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी कपाटाला कुलूप लावता लावता तिने सहज सांगितलं, की आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि दुपारचं औषध द्यायला घरात दुसरं कोणी नाही. दोन्ही नोकऱ्या पूर्ण दिवसाच्या होत्या. आणि आम्ही तिला चौथ्यांदा मुलाखतीच्या सरावाला बसवायच्या बेतात होतो!

तर प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं आहे हे कळलंय. ते दोघींनी करायचं कसं, हे कळत नाही. देणगीदारांना सत्रांची संख्या, हजेरी आणि ‘किती जणांना नोकरी लागली’ एवढंच हवं असतं. नोकरी टिकली का, हा रकानाच फॉर्मात नाही. शिवाय एक भीती आहे. वेळ थोडा असला की तो आपोआप चटपटीत मुलांकडे जातो, म्हणजे आमच्याशिवायही जी लागली असती त्यांच्याकडेच. मागे बसणारी मागेच राहतात.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया लिहा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या भेटीतला फॉर्म आधी बाजूला ठेवा. “तुझं ध्येय काय?” विचारलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. मी विचारते, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?” आणि एका कागदावर दिवसाची पट्टी आखते. तुमच्या त्या मुलीचं दुपारचं औषध तिथे पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असतं. प्रोजेक्टरवालाही सापडला असता, कारण असली मुलं दिवसातला बराच वेळ काही ना काही उघडून बसलेली असतात.

अजून एक. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ नावाची पद्धत जरूर शिकून घ्या. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारूचं व्यसन असलेल्यांसाठी मांडली, पण आमच्या कामात रोज उपयोगी पडते. सार एवढंच, की बदल का करायचा हे आपण सांगायचं नाही, ते त्याच्या तोंडून येऊ द्यायचं. वाचायला सोपं आहे. करताना जीभ चावावी लागते.

प्रतिसाद २

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मालक कुणाची दिवसाची पट्टी बघत नाही. वेळेवर या, काम करा, एवढंच असतं. एवढे लाड केले तर मुलं पुढे टिकणार कशी?

प्रतिसाद ३

@प्रतिसाद २, लाड नाहीत हो. जिला सकाळची चार तासांची पाळी जमते तिला तशीच पाळी शोधून दिली, तर ती वेळेवर येते. मालकालाही तेच हवं असतं.

धागाकर्तीला: तुमचा क्रम उलटा करून बघा. आधी तयारी, मग नोकरी, असं तुम्ही करताय. ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, पोलिसातलं नव्हे) म्हणून एक पद्धत आहे, रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये विकसित केलेली. ती मूळ गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी. त्यात माणसाला त्याच्या आवडीचं खरं काम लवकर शोधून देतात आणि शिकवणं, आधार देणं हे कामावर असताना चालू ठेवतात. आधी प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतींपेक्षा यात जास्त लोक खऱ्या नोकरीला लागतात, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. तुमच्या भीतीवरही त्यात उत्तर आहे. ज्याला काम करायचंय त्याला ‘अजून तयार नाही’ म्हणून वगळायचं नाही, हा नियमच आहे. आणि एका कार्यकर्त्याकडे २० पेक्षा जास्त माणसं नसावीत असाही दंडक आहे. तुम्ही दोघी, मुलं २२. म्हणजे माणसं कमी नाहीत, तुमचा वेळ वर्गात अडकलाय. निम्मी सत्रं कापा.

प्रतिसाद ४

देणगीदारांबद्दल. युरोपीय संघाच्या २०१३ च्या ‘यूथ गॅरंटी’चा दाखला प्रस्तावात द्या. नोकरी किंवा शिक्षण सुटल्यापासून ४ महिन्यांत २५ वर्षांखालील प्रत्येकाला नोकरी, पुढचं शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी चांगलं मिळावं, अशी ती शिफारस होती. २०२० मध्ये वयोमर्यादा ३० पर्यंत नेली आणि समुपदेशन, वैयक्तिक कृती आराखडा हे टप्पे ठळक केले. मोठ्या यंत्रणा हे मान्य करतात म्हटलं की समोरचा जरा ऐकतो. पण रकाना तुम्हीच वाढवा, परवानगी मागत बसू नका. ‘३ महिन्यांनी कामावर आहे का?’ हा आकडा न मागताच पाठवायला लागा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २, राग नाही. आमच्या बैठकीतही हेच वाक्य ऐकलंय.

निम्मी सत्रं कापायचं धाडस झालं नाही, आठवड्यातली दोन काढली. त्या वेळात एकेकाशी अर्धा तास बसतो. सहा जणांच्या पट्ट्या झाल्या. त्यातल्या तिघांची अडचण वर्गात शिकवण्यासारखी नव्हतीच. एकाकडे कागदपत्रं नाहीत. एकीला एकटीने प्रवास करायची धास्ती आहे. आणि एकाला लिहिता येत नाही; बायोडेटाच्या तासाला तो दर वेळी पाणी प्यायला जायचा आणि आम्ही त्याला कामचुकार म्हणत होतो.

प्रोजेक्टरवाल्याला दुरुस्तीच्या कामावर चार दिवस नुसतं बघायला पाठवलं होतं. मुलाखत वगैरे नाही. पाचव्या दिवशी मालकानेच “उद्या ये” म्हटलं. तिकडे बोलतो की नाही, माहीत नाही.

मुलीसाठी सकाळच्या पाळीचं काम अजून मिळालेलं नाही. मालकाशी वेळेबद्दल बोलायचं तर घरची गोष्ट किती सांगावी? आम्ही बोलावं की तिने? ती म्हणते, आईचं नाव काढू नका. यावर अनुभव असेल तर लिहा, सोमवारी एकाला भेटायला जायचंय.