जिममध्ये पाटीवर न लिहिलेले नियम कोणते?

नवशिक्या: एक तारखेपासून जिम लावतोय. संध्याकाळी ७ ते ८ची वेळ, म्हणजे गर्दी ठरलेली. भिंतीवर ‘नॅपकिन आणा, वजनं जागेवर ठेवा’ एवढंच लिहिलंय. बाकी काय पाळायचं? बेंच दुसऱ्याकडे असेल तर विचारायचं कसं?

लोखंडी: “किती सेट राहिलेत?” बस. (सेट म्हणजे न थांबता मारलेली एक फेरी.) पण बार रॅकवर ठेवल्यावर विचारा, सेट चालू असताना नको. तीन-चार राहिले असतील तर “मध्ये मारू का?” म्हणा. जड सेटनंतर माणूस २-३ मिनिटं बसतोच, तेवढ्यात तुमचा होतो. तो ८० किलोवर आणि तुम्ही ३०वर असाल तर मात्र प्लेटा काढण्या-घालण्यातच वेळ जाईल, त्यापेक्षा थांबा.

प्लेटा उतरवताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नका. ऑलिंपिक बार स्वतः २० किलोचाच असतो. अरुंद स्टँडच्या बेंचवर एकीकडे ४० किलो राहिले आणि दुसरीकडे काहीच नाही, तर बार उलटून शेजारच्याच्या अंगावर जाऊ शकतो. डावीकडची एक, मग उजवीकडची एक.

आणि स्क्वॉट रॅकमध्ये (खांद्यावर बार घेऊन बैठका मारायचा स्टँड) बायसेप मारू नका. कर्ल, म्हणजे बायसेपचा व्यायाम, कुठेही उभं राहून होतो, स्क्वॉट होत नाही.

पावशेर: स्पॉट (जड सेटला कुणीतरी जवळ उभं राहून मदत करणं) मागताना आधीच सांगायचं: किती रेप, म्हणजे किती वेळा उचलणार, बार उचलून द्यायचा का, हात कधी लावायचा. स्पॉट देणाऱ्यानं बार वर जाताना अडकला तरच हात लावावा. “तुझंच आहे भावा, तुझंच आहे” म्हणत पहिल्या रेपपासून बार ओढायची आपल्याकडे खोड आहे. मग छाती एकाची आणि पाठ दुसऱ्याची होते!

एकटे असाल आणि सेफ्टी पिना (पडता बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या) नसतील तर बेंच प्रेसला (आडवं पडून छातीवरून बार उचलताना) प्लेटा धरून ठेवणाऱ्या क्लिपा लावू नका. अडकलात तर बार तिरका करून प्लेटा पाडता येतात. बाजूला कोणी नाही ना, हे आधी बघा.

तालीमवाला: डंबेल उचलून रॅकला चिकटून सेट मारू नका, दोन पावलं मागे या. मागच्यांचा रस्ता अडतो. पावसाळ्यात जिमचे बूट पिशवीतून आणा. एसी हॉलमध्ये डिओ फवारू नका, धापा टाकणाऱ्याच्या घशात जातो.

जमिनीवरचा बार ओलांडायचा नाही. तालमीच्या मातीला हात लावून कपाळाला लावतात, तसंच काही जण बारला मानतात. तुम्ही मानत नसाल तरी पाय अडकून पडाल.

नवशिक्या: कोणी चुकीचं मारत असेल तर सांगायचं का?

लोखंडी: त्यानं विचारल्याशिवाय नाही. फारच वाटलं तर ट्रेनरच्या कानावर घाला. क्लिप निसटताना दिसली तर मात्र तिथल्या तिथे ओरडून सांगा.