वोलेमी पाइन सापडला, मग ग्वामचं छोटं फळवाघूळही सापडेल का?

रानवाट : ऑस्ट्रेलियातला वोलेमी पाइन हा वृक्ष १९९४ मध्ये अचानक सापडला. प्रशांत महासागरातल्या ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचं छोटं फळवाघूळ, टेरोपस टोकुडे, १९६८ नंतर दिसलेलं नाही. तेही एखाद्या कड्यात तग धरून असेल ना? नामशेष ठरवायची घाई झाली का? शाळेच्या तक्त्यात दोघांना शेजारी मांडायचं आहे.

कपार : वोलेमी 'परत' सापडलेला नाही. १९९४ आधी त्याची नोंदच नव्हती. जीवाश्म होते ते त्याच्या कुळातल्या जुन्या नातलगांचे. वाघळाची नोंद होती: १९३१ मध्ये दोन नमुने, १९६८ मध्ये शिकारीत मिळालेली एक मादी. पुढे काही नाही. वोलेमी जिथे सापडला ते वोलेमी उद्यान सुमारे ५,००० चौ. किमी, त्यात दोर लावून उतरावं लागेल अशा घळी. ग्वाम जेमतेम ५४० चौ. किमी, आणि तिथल्या मोठ्या मारियाना फळवाघळांच्या गणतीसाठी लोक सतत फिरत असतात. घाई कसली? अमेरिकेच्या संरक्षित यादीत ते १९८४ ला आलं आणि २०२३ ला नामशेष म्हणून काढलं.

शंकू : तग धरण्याची रीतच वेगळी. वोलेमीची जंगलातली प्रौढ झाडं शंभराच्या आत, पण बुंध्यातून नवे फुटवे येतात, नर-मादी शंकू एकाच झाडावर असतात. एकटं झाडही बी धरू शकतं. वाघळाला जोडीदार लागतो आणि या गटात मादीला एका विणीत बहुधा एकच पिल्लू. खाण्यासाठी शिकार वाढली की भरपाई होत नाही. वर दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावर तपकिरी वृक्षसर्प आला, जंगलही तुटलं. यातलं कुठलं कारण किती, हे तीन नमुन्यांवरून वाटून देता येत नाही, म्हणून तक्त्यात टक्के लिहू नका.

रानवाट : मग वोलेमी सुरक्षित म्हणू का?

कपार : छे. 'अतिसंकटग्रस्त' लिहा. झाडांत जनुकीय विविधता जवळजवळ नाही, त्यामुळे एक रोग सगळ्यांना भारी. फायटोफ्थोरा ही मूळकूज २००५ मध्ये तिथे आढळली. ती बुटांना चिकटलेल्या ओल्या मातीतून पसरते. म्हणून जागा गुप्त ठेवली आहे, आणि आत जाणाऱ्यांनी आधी बुटांची माती खरवडून मग जंतुनाशक मारायचं. मातीवरच फवारलं तर आतपर्यंत पोचत नाही. २०१९-२० च्या वणव्यात घळीत पाण्याच्या नळ्या टाकून झाडं वाचवली.

शंकू : तक्त्याला जिवंत नमुना हवा असेल तर नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारा अरौकेरिया ठेवा, कुळ तेच. कलम करणार असाल तर शेंड्याचं घ्या. आडव्या फांदीचं कलम आडवंच वाढत राहतं.