‘मत दिलं’ म्हणजे नेमकं काय दिलं?

समाजमाध्यमं आणि राजकीय सहभाग यांवरच्या एका संशोधनाची मराठीत ओळख करून देतेय आणि एका बटणापाशी अडलेय. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फाउलर, रॉबर्ट बॉन्ड आणि सहकाऱ्यांनी २ नोव्हेंबर २०१० ला, अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीच्या दिवशी, फेसबुकवर सुमारे ६.१ कोटी प्रौढांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना पानाच्या वर एक संदेश दिसला: आज मतदान आहे, केंद्र शोधायला ही लिंक, एक बटण, आणि ते बटण आधीच दाबलेल्या मित्रांचे जास्तीत जास्त सहा चेहरे. एका छोट्या गटाला हाच संदेश, पण चेहरे नाहीत. आणखी एका छोट्या गटाला काहीच नाही.

त्या बटणावरचे ‘I Voted’ हे शब्द मी मराठीत ‘मी मत दिलं’ असे केले. दुसऱ्या दिवशी वाचलं तर कुणीतरी प्रतिक्रिया टाकून मोकळं झाल्यासारखं वाटलं. काय करू? आणि ‘लाखो लोकांनी सहभाग घेतला’ हे चालेल ना?

*

आधी सोपं. भाग घेतात, सहभागी होतात, सहभाग असतो. ‘सहभाग घेतला’ ही या दोन्ही-तिन्हींची खिचडी आहे. आता सगळीकडे छापून येतं, तेव्हा माझं हे अरण्यरुदन समजा. पण ‘समाजमाध्यमं’ जोडून लिहिलंत ते छान. ‘सामाजिक माध्यमं’ म्हटलं की सामाजिक कार्य, सामाजिक न्याय यांच्या रांगेत बसल्यासारखं वाटतं, आणि तिथे काय चालतं ते आपण रोज पाहतो.

*

बटणाची गंमत आहे. तुमचं काही चुकलेलं नाही, शब्दच दुहेरी आहे. ‘मत’ म्हणजे विचार आणि ‘मत’ म्हणजे मतपेटीतलं मत. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि भेद करायचं काम क्रियापदावर सोपवतो. मांडलं, व्यक्त केलं, बनवलं, बदललं: हे विचाराचं. टाकलं, मागितलं, मोजलं, फुटलं: हे निवडणुकीचं. मतं पटतात तेव्हा ती विचारांची, पडतात तेव्हा पेटीतली. ‘देणे’ आणि ‘नोंदवणे’ मात्र दोन्हीकडे चालतात, आणि तुम्ही नेमकं ‘देणे’ उचललंत.

समासांतही हेच. जनमत विचाराचं, सार्वमत प्रत्यक्ष मतदानाचं. एखादा एकमताने निवडून येतो आणि दुसरा एका मताने पडतो. फरक फक्त एका कान्याचा आणि जोडून लिहिण्याचा. ‘मतदान’ मात्र एकाच अर्थाचं राहिलं. तेव्हा बटणावर ‘मी मतदान केलं’ लिहा.

*

नुसतं बटण दाबणाऱ्यांसाठी एक शब्द सुचवू का? अंगठाछाप सहभाग! लाइकचाही अंगठाच.

*

शब्द चटकदार आहे, पण मी वापरणार नाही. सही न येणारा माणूस मतदान करतोच की. त्याच्या अंगठ्याला हिणवून आपण कुणाला टोमणा मारतोय? ‘बोटापुरता सहभाग’ म्हणा हवं तर.

शिवाय, त्याला सहभाग म्हणायचं की नाही हाच अभ्यासकांचा जुना वाद आहे. राज्यशास्त्रज्ञ सिडनी व्हर्बा आणि त्यांच्या सहलेखकाने १९७२ मध्ये केलेल्या व्याख्येत, राज्यकर्त्यांची निवड किंवा त्यांचे निर्णय यांवर प्रभाव टाकण्याच्या हेतूने नागरिकांनी केलेली कृती म्हणजे सहभाग. नुसती आवड किंवा भावना त्यात बसत नाही. पोस्ट पुढे ढकलणं त्यात बसतं का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मी स्वतः हेतू पाहीन. आमदाराला उद्देशून लिहिलेली पोस्ट बसते. गटातल्या मित्रांना हसवायला टाकलेला मीम बसत नाही, मग तो कितीही राजकीय असो.

*

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न विचारणारीच लिहितेय. ‘मत’वाला प्रतिसाद वाचून लेखाची मांडणीच बदलली, कारण या संशोधकांनीही नेमके हेच दोन अर्थ वेगळे मोजलेत. बटण दाबणं हे लोकांचं सांगणं झालं. खरंच केलं का हे पाहायला त्यांनी सुमारे ६३ लाख लोकांची मतदानाच्या सरकारी नोंदींशी जुळणी केली. चेहरे दिसलेल्यांनी चेहरे न दिसलेल्यांपेक्षा बटण २.०८ टक्के जास्त दाबलं. प्रत्यक्ष मतदान मात्र ०.३९ टक्केच जास्त केलं. आणि बिनचेहऱ्याचा संदेश पाहिलेले व काहीच न पाहिलेले यांच्या मतदानात फरकच नव्हता.

०.३९ वाचून मी आधी नाक मुरडलं होतं. पण एवढ्या मोठ्या संख्येला लावलं, मित्रांच्या मित्रांवरचा परिणाम धरला, की त्यांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख ४० हजार जादा मतं होतात. पेटीतली, मांडलेली नव्हेत.

बटण आता ‘मी मतदान केलं’ असं आहे. ‘सहभाग घेतला’ सात ठिकाणी सापडलं, सगळं काढलं. शीर्षकात एक राहिलं होतं, ते बहिणीने दाखवलं.