ब्लॅक डाऊनवरचं पाणी जातं कुठे?

मुग्धा_भटकी:
इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलहून मेन्डिप टेकड्यांवर जाऊन आले. ब्लॅक डाऊनच्या माथ्यावर हेदर, बिलबेरी अशी खुरटी झुडपं आणि घोटाभर काळा चिखल. बूट अजून वाळतायत. खाली बरिंग्टन कूमच्या घळीत मात्र ओढ्याचा पत्ता नाही! वरचं पाणी जातं कुठे? आणि माथ्यावर रांगेने मातीचे उंचवटे आहेत, ती प्राचीन थडगी का?

गडगा:
मुग्धाताई, माथा तांबड्या वालुकाश्माचा. पाणी फारसं मुरत नाही, वर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साठतं, हेदर माजतं. भोवती सगळी चुनखडी. पीटमधून आलेलं आम्लधर्मी पाणी तिला विरघळवत आत शिरतं. एखाद्या ओढ्याच्या कडेकडेने उतरा. नेच्यांत करडा खडक डोकावला की समजा आलंच; पुढे एका खड्ड्यात अख्खा ओढा गुडूप. तिथले लोक त्याला स्वॉलेट म्हणतात. बरिंग्टनकडचं पाणी रिकफर्ड आणि लँगफर्डला वर येतं, प्रिडी गावाकडचं वूकी होलच्या गुहेतून ॲक्स नदी होऊन. म्हणून पायथ्याला झऱ्यांच्या काठी गावं दाटलेली, आणि पठारावर प्रिडीसारखं एखादंच. पठारावरच्याच चार्टरहाऊसला रोमन लोक गेले ते शिशासाठी. त्यांच्या शिशाच्या एका लगडीवर इ.स. 49 ची खूण आहे.

उंचवट्यांचं म्हणाल तर रांगेतले दुसऱ्या महायुद्धातले. शत्रूची विमानं उतरू नयेत म्हणून रचले. बॉम्ब ब्रिस्टॉलऐवजी इथे पडावेत म्हणून खोट्या आगीही लावायचे. थडगी म्हणजे माथ्याजवळचे गोल ढिगारे, कांस्ययुगातले.

पायपीट:
गडगासाहेब, शेजारचं डोलबरी वॉरन तर चुनखडीचंच. हेदरला तर चुना मानवत नाही, मग तिथे ते कसं?

गडगा:
हा बरोबर पकडलात. हिमयुगात वाऱ्याने आणलेली बारीक माती खडकावर बसली आणि पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेला. हेदरची मुळं त्या थरात, आणि वीतभर पलीकडे माती पातळ झाली की चुन्यावरचं रानथाइम. मला तर ब्लॅक डाऊनपेक्षा तेच जास्त आवडतं. वर लोहयुगातला किल्लाही आहे, आयता.

मुग्धा_भटकी:
मग आधी डोलबरी. चिखल कमी ना तिथे?

गडगा:
बराच. हेदरची फुलं हवी असतील तर ऑगस्टमध्ये जा.