जुनी राजकीय व्यंगचित्रे भिंतीवर लावताना खाली टीप द्यावी का?

पाचपाखाडीकर (प्रश्न):

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या सोसायटीचे एक लहानसे वाचनालय आहे. आमच्या एका दिवंगत सभासदांनी साठच्या दशकापासून वर्तमानपत्रांतली आणि साप्ताहिकांतली व्यंगचित्रे कापून, जाड वह्यांत तारखेसह चिकटवून ठेवली होती. त्या वह्या त्यांच्या घरच्यांनी यंदा वाचनालयाला दिल्या. त्यांत आर. के. लक्ष्मण यांची पहिल्या पानावरची चौकोनी चित्रे भरपूर आहेत, 'मार्मिक' या व्यंगचित्र साप्ताहिकाची काही पाने आहेत आणि आणीबाणीच्या आगेमागे मराठी दैनिकांत आलेलीही बरीच चित्रे आहेत. यांतली काही निवडून दिवाळीपूर्वी वाचनालयाच्या भिंतीवर लावावीत, असे आमच्यापैकी काहींच्या मनात आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, आम्ही नमुन्यादाखल काही चित्रे सभासदांपुढे ठेवली, तेव्हा साठी ओलांडलेली मंडळी मनापासून हसली आणि कॉलेजात जाणारी मुले त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एका चित्रात खुर्चीला बांधलेली गाय आणि तिचे वासरू होते. त्यात हसण्यासारखे काय आहे, असे एका मुलीने अगदी सरळ विचारले आणि ते सांगता सांगता निवडणूक चिन्हांचा सगळा इतिहास सांगावा लागला. तो सांगून होईपर्यंत हसू कोणालाच आले नाही. तेव्हा प्रत्येक चित्राखाली चार ओळींची टीप द्यावी का, की चित्र आहे तसे सोडावे?

दुसरी अडचण आमच्या समितीची आहे. 'सोसायटीत राजकारण नको, केवळ सामाजिक विषयांवरची चित्रे लावा', असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. अशी विभागणी करता येते का, आणि करावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

निवृत्त उपसंपादक, वाशी:

मी निवृत्त होईपर्यंत मराठी दैनिकांत पाने लावण्याचे काम केले. त्यामुळे या प्रश्नाकडे मी पानाच्या बाजूने पाहतो. संपादकीय व्यंगचित्र कधीच एकटे छापले जात नव्हते. त्याच्या शेजारी अग्रलेख असे, वरच्या अंगाला आदल्या दिवशीची मोठी बातमी असे आणि वाचक ती बातमी सकाळच्या चहाबरोबर आधीच वाचून आलेला असे. व्यंगचित्रकार या वाचलेल्या बातमीवर विसंबूनच रेघ ओढतो. त्याला मंत्र्याचे नाव लिहावे लागत नाही, टोपीचा कोन किंवा नाकाचा उंचवटा पुरतो. तुमच्या सभासदांनी कात्री चालवली, तेव्हा चित्र वाचले पण शेजारची बातमी गेली. म्हणून माझी सूचना अशी की, टीप लिहिण्याऐवजी त्या तारखेचा मथळा शोधावा आणि तो चित्राशेजारी लावावा. वह्यांत तारखा आहेत हे तुमचे मोठेच भाग्य आहे. ठाण्यातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत जाऊन चौकशी केली, तर जुन्या अंकांचा माग लागू शकेल.

गाय-वासराबद्दल लिहायचे तर, १९६९ ची फूट पडेपर्यंत काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी होते. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने १९७१ ची निवडणूक गाय-वासरावर लढवली आणि १९७७ ला त्याच चिन्हावर ती हरली. हाताचा पंजा त्यानंतर आला. जनसंघाची पणती होती, आणि १९७७ ला जनता पक्षाचे बहुतेक उमेदवार चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर उभे होते. त्या काळात ही चिन्हे भिंतीभिंतीवर रंगवलेली असत, म्हणून व्यंगचित्रकाराला ती अक्षरांसारखी वापरता आली. इंदिराबाईंचे पुत्र संजय गांधी यांच्या चर्चेमुळे वासरालाही लोक वेगळा अर्थ जोडत. हे सगळे आज कोणाला पाठ असणार? तेव्हा चिन्हांचा एक स्वतंत्र तक्ता दाराजवळ लावून टाकावा, म्हणजे प्रत्येक चित्राखाली तेच तेच लिहावे लागणार नाही.

समितीच्या आक्षेपाबद्दल मात्र मला थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक'चे प्रकाशन यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. फ्री प्रेस जर्नलमध्ये व्यंगचित्रे काढणारे बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी ते साप्ताहिक काढले. त्यातल्या चित्रांनी आणि कार्यालयांतल्या दाक्षिणात्यांच्या नावांच्या याद्यांनी जी हवा तयार झाली, तिच्यातून १९६६ साली शिवसेना उभी राहिली आणि तिला पहिली सत्ता १९६७ साली आपल्याच ठाणे नगरपालिकेत मिळाली. म्हणजे ज्या शहराच्या सत्तेचा रस्ताच एका व्यंगचित्राच्या साप्ताहिकातून गेला, त्या शहरात राजकारण वगळून व्यंगचित्रांचे प्रदर्शन भरवायचे, हे मला चमत्कारिक वाटते. त्याआधीही, एकोणिसाव्या शतकात, 'अरुणोदय' आणि 'हिंदु पंच' ही पत्रे ठाण्यातूनच निघत होती. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे नाव घेऊन राजकीय थट्टा करण्याची हौस इथे जुनी आहे.

ऐरोलीची शिक्षिका:

काकांची मथळ्याची सूचना मला आवडली, परंतु टीप आणि मथळा यांनी सगळे प्रश्न सुटतात, असे मला वाटत नाही. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे २०१२ चे प्रकरण माझ्या चांगले लक्षात आहे.

व्यंगचित्रकार शंकर यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये एक चित्र काढले होते. संविधान नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हातात चाबूक आहे, मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि जनता हे पाहते आहे. संविधान सभेचे काम डिसेंबर १९४६ पासून चालू होते, ते लांबले म्हणून होणारी कुरकुर हा चित्राचा तात्कालिक विषय होता. एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तके काढणाऱ्या संस्थेच्या अकरावीच्या पुस्तकात ते चित्र २००६ पासून होते आणि त्याच्या आसपासच्या मजकुरात, एवढा वेळ का लागला आणि तो लागणे कसे योग्य होते, हेच समजावले होते. म्हणजे टीप होती, आणि ती चांगलीही होती. तरीही मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, चित्र मागे घेण्याचा निर्णय झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली.

मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. परंतु वर्गात हे प्रकरण शिकवताना मला एक गोष्ट नेहमी मांडावी लागते. ज्या मुलाच्या आजोबांनी गावात खरा चाबूक पाहिला आहे, त्याला बाबासाहेबांच्या पाठीमागचा चाबूक केवळ 'काम लवकर उरका' एवढाच दिसावा, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. १९४९ च्या इंग्रजी नियतकालिकाचा वाचक आणि २०१२ चा वाचक हे वेगळे लोक होते, आणि दुसऱ्याने चित्रात पाहिलेले खोटे होते, असे म्हणता येत नाही. टीप आपल्याला चित्रकाराचा हेतू सांगते, पाहणाऱ्याची जखम तिच्या हिशेबात नसते. म्हणून माझे मत असे की, टीप द्यावी, पण चित्राआधी वाचायला लागेल अशी देऊ नये. पाहणाऱ्याला आधी स्वतःचे काही वाटू द्यावे.

सामाजिक आणि राजकीय या विभागणीविषयी थोडेच लिहिते. सामाजिक चित्रे निरुपद्रवी असतात आणि ती कधी जुनी होत नाहीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसासमोरचा रस्त्यातला खड्डा घोडबंदर रोडने येणाऱ्या कोणालाही आजही समजतो, तिथे टीप लागत नाही. पण टेलिफोनची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, रॉकेलची रांग, गॅसचा नंबर लागणे यांवरची चित्रे माझ्या विद्यार्थ्यांना गाय-वासराइतकीच परकी आहेत. उलट व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचे डिसेंबर १९७५ चे चित्र घ्या. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच वटहुकमावर सही करून देत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर थोडे थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. राष्ट्रपती कोण होते हे मुलांना माहीत नसते, तरी वर्गात त्या चित्रावर हसू येते. अबू त्या वेळी राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते, हे त्यांना नंतर सांगितले की ती अधिकच चकित होतात. इतके निव्वळ राजकीय चित्र तुमच्या समितीने वगळले, तर उरेल काय?

कोर्टनाक्यावरचा वकील:

वरील चर्चा वाचली. पाचपाखाडीकरांनी विचारले नसले तरी समितीच्या सभेत हे दोन मुद्दे कोणी ना कोणी काढेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

पहिला स्वामित्वहक्काचा. भारतीय कायद्यात कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७५ अखेरपर्यंत आहे. शंकर १९८९ साली गेले, त्यांचा २०४९ अखेरपर्यंत. हा हक्क वर्तमानपत्राचा की चित्रकाराचा, याबद्दल लोकांत बराच गोंधळ असतो. नोकरीत असलेल्या चित्रकाराने वर्तमानपत्रासाठी काढलेल्या चित्राचा वर्तमानपत्रात किंवा तशाच नियतकालिकात छापण्यापुरता हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाकी सर्व बाबतींत पहिला हक्कदार चित्रकारच असतो, असे कलम १७ सांगते. तुमच्याकडे खरी कात्रणे आहेत. ती तशीच भिंतीवर लावण्यात नवी प्रत तयार होत नाही. मोठ्या आकारात झेरॉक्स काढल्या, पुस्तिका छापली किंवा व्हॉट्सॲपवर फिरवली, तर तो प्रतिकृतीचा प्रश्न होतो. टीका आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे. पण तिचा आधार घ्यायचा तर चित्राबरोबर खरोखरची समीक्षा असायला हवी, नुसते चिकटवलेले चित्र पुरत नाही. म्हणजे टीप असावी, या बाजूने कायद्याचेही एक लहानसे मत पडते. चित्रकाराचे नाव मात्र कुठेही गाळू नये, तो त्याचा स्वतंत्र हक्क आहे.

दुसरा मुद्दा भीतीचा. असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये व्यंगचित्रांवरून मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि त्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये हिंसेला चिथावणी नसलेली टीका, ती कितीही कडू असली तरी, राजद्रोह ठरत नाही, असे स्पष्ट केले. २०१२ मध्येच पालघरला, ते तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होते, फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती, आणि त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी अटकेची मुभा देणारे, कलम ६६अ रद्द केले. वर्तमानपत्रात पन्नास वर्षांपूर्वी छापून आलेली राजकीय चित्रे वाचनालयात लावल्याने समितीवर गुन्हा दाखल होईल, ही भीती मला वास्तवाला धरून वाटत नाही. धर्म किंवा जात यांवर बेतलेले चित्र असेल, तर ते वेगळे काढून त्याचा विचार शांतपणे करावा, एवढेच सुचवतो.

निवृत्त उपसंपादक, वाशी:

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक प्रसंग. कोपर्डीच्या घटनेनंतर २०१६ मध्ये मराठा मूक मोर्चे निघाले, आणि सप्टेंबरात 'सामना'त त्या मोर्चांवर एक चित्र आले. 'मूक'चा 'मुका' करणारी ती कोटी मोर्चेकऱ्यांना, विशेषतः महिलांना, अपमानाची वाटली. आमच्या नवी मुंबईत त्या दैनिकाच्या जागेवर दगडफेक झाली आणि पुढे उद्धव ठाकरे यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दगडफेक निषेधार्हच होती. पण पान लावणारा माणूस म्हणून मला असे वाटते की, ते चित्र मुळात सत्तेतल्या कोणाला उद्देशून नव्हते, शांतपणे चालणाऱ्या लोकांना उद्देशून होते, आणि टीप लिहून ते सावरता आले नसते. तुमच्या वह्यांतही अशी चित्रे निघतील. साठच्या दशकातल्या दाक्षिणात्यांवरच्या चित्रांची निवड करताना विशेष जपून असावे. मॅडम म्हणतात ती जखम मुंबईच्या आणि ठाण्याच्या तमिळ, मल्याळी कुटुंबांनाही आहे, आणि तुमच्या सोसायटीत तशी काही घरे असतीलच. अशी चित्रे मी लपवणार नाही, पण त्यांच्यासोबत लांब टीप लावीन, आणि ती समितीतल्या कोणी नव्हे तर त्या घरांतल्या कोणी लिहिली, तर अधिक चांगले.

पाचपाखाडीकर:

सर्वांचे मनापासून आभार. ही चर्चा मी छापून समितीच्या सभेत वाचून दाखवली. राजकीय चित्रे वगळण्याचा मुद्दा मागे पडला. १९६७ ची आठवण निघाल्यावर ज्येष्ठ सदस्यांनीच तो सोडून दिला, आणि मग त्या निवडणुकीच्या गप्पांमुळे सभा बरीच लांबली. टिपांबाबत आमच्या एका सदस्येने 'आवाज' दिवाळी अंकातल्या, झडप उघडल्यावर आतले चित्र दिसणाऱ्या, खिडकीचित्रांची आठवण काढली. चित्राखाली कागदाची झडप लावायची आणि टीप व मथळा तिच्या आत ठेवायचा, म्हणजे ज्याला हवे त्याने झडप उचलून वाचावे. मॅडमची अट त्यातून पाळली जाईल, असे वाटते. दाक्षिणात्यांवरच्या चित्रांबद्दल आमच्या दोन शेजाऱ्यांना विचारले आहे. एकांनी लिहून देण्याचे मान्य केले, दुसऱ्यांना तो विषय नको आहे, आणि त्यांचा तो नकार आम्ही मान्य केला.

आता एकच राहिले. मूळ कात्रणे लावली तर कागद खराब होईल आणि झेरॉक्स लावल्या तर वकीलसाहेबांचा मुद्दा येईल. यातून कसा मार्ग काढावा?

निवृत्त उपसंपादक, वाशी:

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो उजेडाने पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, त्याला इलाज नाही. मूळ कात्रणेच लावा, परंतु वहीचे पूर्ण पान जाड पारदर्शक पाकिटात सरकवून लावा, कात्रण वहीपासून सोडवू नका. सेलोटेप अजिबात वापरू नका, तिचा डिंक कागदात उतरतो आणि नंतर निघत नाही. खिडकीसमोरची भिंत टाळा, आणि दिवाळी संपली की पाने पुन्हा वह्यांत ठेवा. सर्वांत नाजूक पाने काचेच्या कपाटात आडवी ठेवलीत, तर उत्तम.