मदत हवी आहे: आईला घेऊन शिरोड्याला तीन दिवस

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापूरचे. डिसेंबरात आंबोली-सावंतवाडीमार्गे सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला जातोय. सोबत ७५ वर्षांची आई आणि दोन लहान मुलं. आईनं उभ्या आयुष्यात समुद्र एकदाच पाहिलाय, म्हणून गर्दी टाळून वेळागरचा किनारा निवडला.

आरवलीचं ग्रामदैवत वेतोबा (त्याला नवसाच्या वाहतात त्या भल्यामोठ्या चपला मुलांना दाखवायच्याच आहेत), रेडीचा गणपती आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा, एवढं नक्की आहे. रेडीच्या यशवंतगडावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला जाता येईल का? वेळागरला मुलांना पाण्यात कुठल्या बाजूला उतरवावं? आणि आईला संध्याकाळी लाटा बघत बसायला खुर्ची मिळेल का तिथं? हे शेवटचं आधी सांगा, बाकीचं आम्ही निभावून नेऊ.