कठीण काळातलं धैर्य: तासाभराच्या समूहगानासाठी गाणी सुचवा

जास्वंदी:
नमस्कार मंडळी. आमचा हौशी गायनगट दर रविवारी सोसायटीच्या सभागृहात जमतो. बायका जास्त, पुरुष मोजकेच. साथीला पेटी, तबला, टाळ. फेब्रुवारीत तासाभराचा कार्यक्रम करायचाय. गटातल्या दोघी मोठ्या आजारपणातून उठल्यात, एकीच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं. 'कठीण काळातलं धैर्य' हा विषय त्यांनीच सुचवला.

यादी करायला बसलो तर सगळी स्फूर्तिगीतंच निघाली. 'जयोस्तुते' आणि 'गर्जा जयजयकार' आम्हाला जीव की प्राण आहेत, पण ओळीने आठ गाणी त्याच चढ्या सुरात झाली तर या तिघींचं त्यात काय आलं? रोजच्या जगण्याला जे बळ लागतं, ते कुठल्या गाण्यांत सापडेल? पट्टीचंही, म्हणजे 'सा' कुठल्या सुरावर धरायचा तेही, सांगा. दर वेळी तिथेच अडतं.

डफवाला:
शाहिरी हवीच! एक शाहीर आणि मागे झीलकरी, म्हणजे त्याची ओळ उचलून धरणारे साथीदार, आपल्याकडचं समूहगान असंच वाढलंय. पण पोवाड्याऐवजी अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटाचं शाहिरी गाणं, घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावी राहिलेली बायको, आणि पुढे तीच ताटातूट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभाच्या सभा तिने हलवल्या. झील, म्हणजे मागच्यांनी उचलायची ओळ, मात्र नीट बसवा. शाहिराचा शब्द पडायच्या आत झील उचलली गेली पाहिजे, मध्ये फट राहिली की सगळा जोर गेला.

माळरान:
जास्वंदीताई, तुकोबांपासून सुरुवात करा. 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग. अंतर्बाह्य जग आणि मन.' तुम्ही विचारताय ते अख्खं या दोन ओळींत आहे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात या माणसाची बायको 'अन्न अन्न' करत गेली, धंदा बुडाला, मान गेला. त्यांनीच अभंगात लिहून ठेवलंय. त्यानंतरचे हे शब्द आहेत, म्हणून ते द्रुत भजनी ठेक्यात पळवू नका. पहिल्यांदा नुसत्या टाळावर, संथ म्हणा.

दुसरं, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. सासुरवास, मेलेलं मूल, आईची आठवण, भाऊ न येणं. जे कुणापाशी बोलायची सोय नव्हती ते बायका पहाटे जात्याशी बोलल्या. दोघींनी समोरासमोर बसून गायच्या आणि बाकीच्यांनी जात्याच्या घरघरीसारखा खर्जातला एकच सूर मागे धरून ठेवायचा. त्या आजारातून उठलेल्या दोघींनाच द्या ही ओवी. मला अगदी मनापासून वाटतं.

खर्ज:
माळरान, ओव्यांना जोरदार अनुमोदन.

आधी पट्टी. पेटीच्या काळ्या पट्ट्यांत 'सा' धरायचा तर बायका काळी चार-पाचला, पुरुष काळी एक-दोनला, हे भांडण जुनंच आहे. सगळ्यांनी मिळून गायची गाणी काळी एकला ठेवा. त्या पट्टीत बायकांना तार षड्जाच्या (वरच्या 'सा'च्या) वर जायला जड जातं, म्हणून तिथपर्यंतच जाणाऱ्या चाली निवडा. अंतरा त्याहून वर चढत असेल तर तेवढा पुरुषांना द्या, त्यांना तो खालच्या सप्तकात सहज जमतो.

'उषःकाल होता होता' घ्याच. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, १९७९च्या 'सिंहासन' चित्रपटातलं. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की गाणं तुटतं. जोड्या लावा, एकीने श्वास घेतला की शेजारणीने सूर धरून ठेवायचा.

आणि एक शब्दांशिवायचं गाणं असू द्या. १९४३ साली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर पालेम्बांगजवळ जपान्यांच्या छावणीत ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन बायका कैदेत होत्या. वाद्यं नाहीत, पोटभर अन्न नाही. मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी बाईंनी आठवणीतून स्वरलिपी लिहून काढल्या, नोरा चेंबर्स यांनी बसवून घेतलं, आणि तीसेक जणींनी नुसत्या आवाजांनी ड्वोरझाक या युरोपीय संगीतकाराच्या सिम्फनीतला, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला, संथ भाग गायला. शब्द नव्हते, त्यामुळे कुठल्याच भाषेची अडचण आली नाही. १९४५पर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका दगावल्या, मार्गारेटही गेल्या. तुम्ही एखाद्या ओळखीच्या रागातली छोटी धून घ्या, मिटल्या ओठांनी सुरू करा, मग 'आ'कारात, मग पुन्हा ओठ मिटून. तबला नको.

जास्वंदी:
खर्ज, हे वाचून काल झोपच लागली नाही. सगळ्या गटाला वाचून दाखवलं. धून भूप रागात करतोय, पाच सुरांत सगळ्यांना सोपी पडेल. ओव्या त्या दोघींनी स्वतःहून मागून घेतल्या.

क्रम असा धरलाय: तुकोबा, ओव्या, छक्कड, धून, मग 'उषःकाल'. 'हम होंगे कामयाब' शेवटी ठेवू का? आणि निवेदन किती असावं?

डफवाला:
ठेवा की! अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यातलं गाणं, हिंदीत गिरिजाकुमार माथुरांनी आणलं आणि शाळेशाळेत पोचलं. प्रेक्षकांना पाठ असतं, त्यांना उभं करून गाऊ द्या.

माळरान:
निवेदन प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन वाक्यं, बस. दुष्काळाचं आणि छावणीचं तेवढं सांगा. ओव्यांच्या आधी काही बोलूच नका, सरळ सुरू करा. आणि त्या दोघींना माइक खाली, बसल्याबसल्या तोंडापाशी येईल असा लावा. मंचावर जातं ठेवणार असाल तर त्याखाली जाड सतरंजी घाला, नाहीतर खडखड सगळी माइकमध्ये जाते.